कॉइल दीड सेंटिमीटर सरकली की

टीएमएस (ट्रान्सक्रॅनियल मॅग्नेटिक स्टिम्युलेशन) म्हणजे डोक्याला तारेची कॉइल टेकवून चुंबकीय झटक्यांनी, म्हणजे पल्सनी, मेंदूचा भाग चेतवण्याचा उपचार, मुख्यतः डिप्रेशनवरचा. तो शॉक नव्हे, हे आधी सांगून टाकू. शॉक ट्रीटमेंटमध्ये भूल देऊन मेंदूत मुद्दाम आकडी आणतात. टीएमएसमध्ये आकडी आली तर ते विपरीत घडले असे समजतात. इथे माणूस जागा असतो, खुर्चीत बसून राहतो आणि सत्र संपले की उठून कामाला जातो.

दुसरा घोळ चुंबकाच्या गाद्या आणि कड्यांचा. प्रदर्शनात विकतात ते चुंबक स्थिर असतात. फॅरेडेने 1831 मध्ये दाखवले ते असे, की चुंबकीय क्षेत्र बदलत असेल तरच शेजारच्या वाहकात वीज उठते. टीएमएसच्या कॉइलमधून काही हजार अँपिअरचा प्रवाह क्षणार्धात धावून जातो, मिलिसेकंदाहूनही कमी वेळ. त्यातून दीड-दोन टेस्लाचे क्षेत्र उठते आणि लगेच विरते. कवटी त्याला अडवत नाही. 1985 मध्ये शेफील्डला अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच पल्सने माणसाचा हात हलवून दाखवला. गादीवर रात्रभर झोपून हे होत नाही.

क्षेत्र जसे झटपट उठते तसेच अंतराबरोबर झटपट मरतेही. नेहमीच्या इंग्रजी आठच्या आकाराच्या कॉइलचा जोर दोन वेटोळी जुळतात तिथे सर्वांत जास्त, आणि आत दोन-तीन सेंटिमीटरपर्यंतच. म्हणून अंबाडा सोडायचा, यू-पिना आणि कानातले काढायचे. धातूचा प्रश्न आहेच, पण केसांच्या गठ्ठ्यामुळे कॉइल पाच मिलिमीटर वर राहिली तर मेंदूपर्यंत पोचणारा डोस खरोखर घटतो. मशीनच्या पडद्यावर आकडा मात्र तोच दिसत राहतो.

डिप्रेशनच्या उपचाराचा पाया पहिल्या दिवशी घातला जातो, आणि तिथेच सर्वांत जास्त घाई होते. आधी मोटर थ्रेशोल्ड. डोक्याच्या डाव्या बाजूला, मेंदूत हात हलवणाऱ्या भागावर कॉइल ठेवायची, कॉइलची मूठ मागे आणि बाहेर, मधल्या भांगाशी 45 अंशांत. एकेक पल्स देत उजवा अंगठा सर्वांत छान कुठे उडतो ते शोधायचे. मग ताकद कमी करत जायची. दहापैकी पाच पल्सना प्रतिसाद मिळतो ती सर्वांत कमी ताकद म्हणजे थ्रेशोल्ड. ईएमजी (स्नायूतली वीज मोजणारे यंत्र) लावला असेल तर 50 मायक्रोव्होल्टची लाट म्हणजे प्रतिसाद. नुसत्या डोळ्यांनी बघून काढलेला आकडा सहसा ईएमजीपेक्षा थोडा वर येतो. उलट घाबरून हात आवळून बसलेल्या माणसाचा थ्रेशोल्ड खोटाच कमी येतो आणि पुढचे सगळे सत्र मिळमिळीत जाते. हात मांडीवर सैल, तळवा वर, हे दर वेळी बघायचे.

दुसरी गोष्ट जागेची. जुनी पद्धत अशी, की अंगठ्याच्या जागेपासून पाच सेंटिमीटर पुढे जा आणि तिथे डावा कपाळामागचा भाग, म्हणजे उपचाराची जागा, आली असे समजा. सगळी डोकी एकाच मापाची असती तर ठीक होते. मोठ्या डोक्यात पाच सेंटिमीटरवर कॉइल हालचालींच्या भागाच्या सीमेवरच अडकते. त्यापेक्षा नाकाच्या मुळापासून मागच्या उंचवट्यापर्यंत, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत आणि डोक्याचा घेर अशी तीन मापे घेऊन एफ-3 बिंदू, म्हणजे त्या भागावरची डोक्यावरची खूण, काढावी. शिंप्याची मोजपट्टी आणि पाच मिनिटे लागतात. एमआरआयवर आधारित नेव्हिगेशन असेल तर उत्तमच, पण ते नाही म्हणून मापेच न घेणे आम्हाला पटत नाही. ही खूण केलेली रुग्णाची टोपी रोज थोडी फिरते. ती भुवयांपासून किती बोटे वर ते दर सत्राला तपासावे.

डोस सहसा थ्रेशोल्डच्या 120 टक्के. थ्रेशोल्ड मशीनच्या कमाल ताकदीच्या 55 टक्के आला तर मशीन 66 वर. थ्रेशोल्ड 83 च्या पुढे असेल तर 120 टक्के गाठताच येत नाही. अशा वेळी आधी कॉइलचा कोन आणि टेकण पुन्हा बघावी, बहुतेकदा चूक तिथेच सापडते. अमेरिकेत 2008 मध्ये मंजूर झालेल्या मूळ पद्धतीत 10 हर्ट्झने (सेकंदाला 10) 4 सेकंद पल्स आणि 26 सेकंद विश्रांती, असे 75 वेळा. म्हणजे 3000 पल्स आणि साडेसदतीस मिनिटे. आठवड्याला पाच दिवस, सहा आठवडे. थीटा बर्स्टमध्ये, म्हणजे पल्सचे छोटे झुबके देण्याच्या पद्धतीत, 600 पल्स तीन मिनिटांत उरकतात. 2018 मध्ये कॅनडातल्या 414 रुग्णांच्या चाचणीत ती पद्धत 10 हर्ट्झच्या मानाने कमी पडली नाही. तीन मिनिटांचे सत्र असले तरी कॉइल बसवायला दहा मिनिटे द्यावीच लागतात.

सुरुवातीला टाळूवर टोचते, भुवई ओढली जाते, कधी दाढ ठणकते. चेहऱ्याची नस पल्सच्या वाटेत येते, एवढेच. पहिले काही दिवस कमी ताकदीवर सुरू करून चढवत न्यावे, कॉइल किंचित फिरवावी. पण दुखते म्हणून ती दीड सेंटिमीटर बाजूला सरकवली तर रुग्ण खूश होतो आणि उपचार दुसऱ्याच जागेवर चालू राहतो. खट्-खट् आवाज साधा वाटला तरी इअरप्लग रुग्णालाही हवेत आणि टेक्निशियनलाही. सत्र मध्येच थांबले तर आधी कॉइलचे तापमान बघा. तापली की मशीन स्वतःच बंद होते.

आकडीचा धोका हजारात एकापेक्षा कमी. तो वाढतो कशाने? रात्रभर जागरण, अचानक सोडलेली दारू, अल्प्राझोलाम-क्लोनाझेपामसारखी चिंतेवरची गोळी परस्पर बंद करणे, बुप्रोपिऑन हे डिप्रेशनचे औषध नव्याने सुरू होणे. यांतले काही घडले तर थ्रेशोल्ड पुन्हा काढल्याशिवाय पल्स देऊ नये. म्हणून रोज खुर्चीत बसवण्याआधी दोन प्रश्न विचारायचे: झोप किती झाली आणि गोळ्यांत काही बदल आहे का? आकडी आलीच तर कॉइल दूर करावी, कुशीवर वळवावे, घड्याळ बघावे. तोंडात चमचा नको आणि नाकाशी कांदाही नको. डोक्यात लोखंडी क्लिप, कॉक्लिअर इम्प्लांट किंवा मेंदूतली इलेक्ट्रोड असलेल्यांना कॉइलजवळ आणायचेच नाही.

बाकी आजारांत पुरावा एकसारखा नाही. मज्जातंतूंच्या जुनाट वेदनांसाठी हालचालींच्या भागावर, आणि लकव्यानंतर हात सुधारण्यासाठी मेंदूच्या निरोगी बाजूवर मंद गतीने, हे बरेच पक्के. ओसीडीसाठी (मंत्रचळ) सहसा वेगळी, खोल जाणारी कॉइल वापरतात, आणि सत्राआधी रुग्णाची भीती मुद्दाम जागी करतात. साध्या कॉइलने कपाळावर दिलेले सत्र म्हणजे तोच उपचार नव्हे. ऑटिझम, बुद्ध्यांक, स्मरणशक्ती वाढवण्याच्या जाहिराती दिसल्या तर पाकीट खिशातच ठेवा.

दहा सत्रे झाली तरी काही वाटत नाही, ही तक्रार नेहमीची. फरक बऱ्याचदा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दिसतो, आणि आधी तो घरच्यांना कळतो: आंघोळ वेळेवर, जेवण पूर्ण. तोवर फाइलमध्ये थ्रेशोल्डचा आकडा, त्याची तारीख आणि तीन मापे लिहिलेली आहेत का, ते मागून बघा.