सरासरीचा आंबा कुठल्याच झाडाला लागत नाही

लिनिअर प्रोग्रॅमिंग (एलपी) म्हणजे रेखीय अटी पाळून जास्तीत जास्त फायद्याचा निर्णय शोधायची गणिती पद्धत. तिचं मॉडेल मांडताना बहुतेकजण एकच गोष्ट करतात. गेल्या पाच-सात वर्षांची आवक बघायची, सरासरी काढायची, ती अटीच्या उजव्या बाजूला टाकायची आणि सॉल्व्हर, म्हणजे हे गणित सोडवणारं सॉफ्टवेअर, चालवायचा. उत्तर दोन दशांश स्थळांपर्यंत येतं, म्हणून ते खरंही वाटतं. रत्नागिरी-देवगड पट्ट्यातल्या हापूसच्या हंगामावर हे करून बघू. आकडे उदाहरणापुरते घेतलेत, हिशोब मात्र खरा आहे.

एका बागायतदाराला हंगामाआधी कॅनिंगवाल्याकडे जागा बुक करायची आहे. टनाला ४,००० रुपये भरायचे, माल गेला नाही तरी ते परत मिळत नाहीत. पेटीचा माल म्हणून जास्तीत जास्त २५ टन वाशीच्या घाऊक बाजारात जाऊ शकतो. उरलेला कॅनिंगला गेला तर गावातच पडत्या भावाने विकण्यापेक्षा टनामागे १०,००० रुपये जास्त मिळतात. आवक तीनपैकी एक: २० टन (शक्यता ०.३), ३० टन (०.४) किंवा ६० टन (०.३).

सरासरी आवक ३६ टन. पेटीचे २५ वजा केले की उरले ११. मॉडेल सांगतं, ११ टन बुक करा, बुकिंग वजा जाता टनाला ६,००० प्रमाणे ६६,००० मिळतील. आता हेच ११ तिन्ही वर्षांत चालवा. कमी आवकीत कॅनिंगला काहीच उरत नाही, ४४,००० बुडाले. मध्यम वर्षी ५ टन जातात, हातात ६,०००. भरघोस वर्षी ६६,०००. शक्यतांनी गुणून बेरीज येते ९,०००. मॉडेल ज्या ६६,००० चं आश्वासन देत होतं ते फक्त भरघोस वर्षी मिळतात, आणि ३६ टनांचं वर्ष तर आपल्या यादीत नाहीच.

यावर जॉर्ज डँट्झिग यांनी १९५५ मध्येच वाट दाखवली होती, एलपी सोडवायच्या त्यांच्याच सिंप्लेक्स पद्धतीनंतर आठ वर्षांनी. प्रत्येक निर्णयाला एकच प्रश्न विचारायचा: हा आवक कळण्याआधी घ्यायचा की नंतर? बुकिंग आधी, म्हणून x हे एकच चल. पेटी, कॅनिंग आणि गावची विक्री नंतर, म्हणून प्रत्येक परिस्थितीसाठी वेगळी तीन चलं. एकूण दहा चलं. प्रत्येक परिस्थितीत तीन अटी: पेटीचा माल २५ च्या आत, कॅनिंगचा माल x च्या आत, आणि तिन्हींची बेरीज आवकीइतकी. उद्दिष्टात बुकिंगचा खर्च पूर्ण धरायचा, विक्रीचं उत्पन्न शक्यतेने गुणून. सगळं रेखीयच राहतं, म्हणून कुठलाही साधा सॉल्व्हर हे चुटकीसरशी सोडवतो. पायथनमध्ये करायचं तर त्यातल्या एका लायब्ररीचं नावच ‘पल्प’ आहे, आंबेवाल्यांना ते शोधावं लागू नये.

उत्तर: ५ टन बुक करा, अपेक्षित फायदा १५,०००.

इथे सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे x लासुद्धा परिस्थितीचा निर्देशांक लावणं, म्हणजे प्रत्येक परिस्थितीसाठी वेगळा x धरणं. मग मॉडेल कमी वर्षी ०, मध्यम वर्षी ५ आणि भरघोस वर्षी ३५ बुक करतं आणि ७५,००० दाखवतं. हा आकडा आला की समजायचं, तुम्ही मॉडेलला भविष्य सांगून टाकलंय. आकडा अगदी निरुपयोगी नाही. ७५ वजा १५ म्हणजे ६०,०००, आवक आधी नक्की कळण्याची ही कमाल किंमत. मोहोर आणि फळधारणा मोजायला माणूस लावायचा की नाही, हे यावरून ठरवता येतं.

त्याहून कामाचा प्रश्न म्हणजे थोडं थांबता येईल का. फळ धरल्यावर आवक नक्की कळते असं धरा, आणि तेव्हा उशिरा बुकिंगचा दर ६,००० आहे. मॉडेलमध्ये प्रत्येक परिस्थितीला ‘उशिरा बुक केलेले टन’ हे एक चल वाढवा. उत्तर येतं: आधी ५ टन, भरघोस वर्षी उशिरा आणखी ३० टन, अपेक्षित फायदा ५१,०००. दीडपट दर देऊनही! कॅनिंगवाल्याशी घासाघीस करायची ती दरावर नव्हे, मुदतीवर.

शक्यता कुठून आणायच्या, हा खरा अडचणीचा भाग. त्या हलवून बघाव्याच लागतात. वरच्या पहिल्या मॉडेलमध्ये ६० टनांची शक्यता ०.४ ओलांडली की उत्तर ५ वरून थेट ३५ वर उडी मारतं, अधेमधे कुठेच थांबत नाही. रेखीय मॉडेलचं उत्तर कोपऱ्यावर बसतं, त्यामुळे डेटा थोडा हलला तरी निर्णय पूर्ण पालटू शकतो. आकडे हलले तर उत्तर कितपत टिकतं हे दाखवणारा सॉल्व्हरचा संवेदनशीलतेचा तक्ता यात फार मदत करत नाही. तो एका वेळी एकच आकडा हलवतो, आणि बागेत एका वेळी एकच गोष्ट बिघडते असं कधी होत नाही.

भावाबद्दल एक सूट आहे. मालाचं प्रमाण भाव कळण्याआधीच ठरणार असेल आणि तुम्ही फक्त सरासरी फायदा बघत असाल, तर सरासरी भाव टाकून चालतं. प्रमाण नंतर ठरणार असेल तर नाही. आवक वाढली की वाशीत भाव पडतो, म्हणून सरासरी भाव गुणिले सरासरी माल हे उत्पन्न फुगवून दाखवतं.

आता दुसऱ्या जातीची अनिश्चितता: अटीच्या आतल्या गुणकांची, म्हणजे चलांना ज्यांनी गुणतो त्या आकड्यांची. १० टन पल्पची ऑर्डर आहे. चार बागांतून प्रत्येकी ५ टन आंबा घेतला आणि उतारा, म्हणजे आंब्यातून निघणारा पल्प, ५० टक्के धरला की हिशोब बरोबर जमतो. पण उतारा प्रत्येक बागेत ४६ ते ५४ टक्क्यांच्या दरम्यान वरखाली होऊ शकतो. साका (आतला गर खराब होणं) निघाला की तो आंबा कापून बाजूलाच. काठोकाठ जमवलेली अट अशा वेळी साधारण निम्म्या वेळा मोडते. बेन-ताल आणि नेमिरोव्स्की या संशोधकांनी पायलट४ नावाचं प्रसिद्ध चाचणी-मॉडेल तपासलं, तेव्हा गुणकांत फक्त ०.१ टक्का फरक केल्यावर एक अट उजव्या बाजूच्या साडेचार पटीपर्यंत मोडू शकते असं दिसलं.

सॉयस्टर यांचा १९७३ चा उपाय सरळ होता: सगळंच वाईट होईल असं धरा. उतारा ४६ टक्के, आंबा २१.७४ टन. सुरक्षित आहे, पण १.७४ टन जास्तीचा आंबा. बर्ट्सिमस आणि सिम यांनी २००४ मध्ये मधली वाट काढली. चारपैकी जास्तीत जास्त किती बागा एकदम बिघडतील तो आकडा, गॅमा, तुम्ही ठरवायचा. गॅमा २ ठेवला तर चार बागांतून सारखाच माल घेऊन २०.८३ टन पुरतात.

मांडणी अशी: प्रत्येक अटीला z हे एक चल आणि प्रत्येक बागेला p हे एक चल जोडा, सगळी शून्य किंवा जास्त. पल्पच्या बेरजेतून गॅमा गुणिले z आणि सगळ्या p वजा करा, उरलेलं १० पेक्षा कमी नको. शिवाय प्रत्येक बागेसाठी z अधिक p हे ०.०४ गुणिले त्या बागेच्या मालाइतकं तरी हवं. झालं, पुन्हा एलपीच. उतारा ‘बरोबर इतका’ अशा समीकरणाच्या अटीत असेल तर मात्र ही पद्धत लावू नका, मॉडेल अशक्य म्हणून परत येईल. आधी ती अट ‘किमान’ची करा.

गॅमा निवडायला जे सूत्र देतात ते गुणक एकमेकांपासून स्वतंत्र आणि सममित बदलतात असं मानतं. शंभर गुणक आणि गॅमा २५ असेल तर अट मोडण्याची शक्यता ४.४ टक्क्यांच्या आत. चार गुणक आणि गॅमा २ वर तेच सूत्र ६१ टक्के सांगतं, म्हणजे काहीच सांगत नाही. आणि कोकणात स्वातंत्र्य कुठलं? मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा शेजारच्या बागा आळीपाळीने थोड्याच पडल्या. चारही बागा एकाच तालुक्यात असतील तर गॅमा ४ च धरा, नाहीतर एक बाग घाटाकडची घ्या आणि मग २ म्हणा.

शेवटी मिळालेला x गोठवायचा आणि मॉडेल बांधताना न वापरलेल्या वर्षांवर चालवायचा. त्यासाठी जुन्या पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या हिशोबाच्या चिठ्ठ्या, लागतात: तारीख, बाग, वजन, भाव, आणि साक्यापायी काढून टाकलेले किलो. हा शेवटचा रकाना पट्टीवर सहसा नसतो. तो यंदापासून वहीत वेगळा मांडायला लागेल.