गाळाचं अनुदान: हिशेब ब्रासमध्ये मांडा

‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत यंत्र आणि इंधनाचे घनमीटरला ३१ रुपये गाळ काढणाऱ्या संस्थेला मिळतात, तर गाळ वाहून पसरवण्याचे ३५.७५ रुपये पात्र शेतकऱ्याला. एकरी कमाल १५ हजार, तेही अडीच एकरांपर्यंतच. गावात भाषा ब्रासची. एक ब्रास म्हणजे २.८३ घनमीटर, म्हणजे शेतकऱ्याच्या हाती ब्रासला साधारण १०१ रुपये. शेत लांब असेल तर यातले जास्त पैसे डिझेलच खातं! तेव्हा जवळचे शिवार आधी घ्या.

तलावाची मोजणी आणि फोटो खोदण्याआधीच करा. ट्रॉलीतला गाळ फुगलेला असतो. खड्ड्याच्या मापाशी तो जुळत नाही आणि बिल अडतं. मुरूम लागला की थांबा, नाहीतर तलाव झिरपू लागतो. वाळूला हात लावायचा नाही. तिला बंदीच आहे.