वेंगुर्ल्याचा वसंत: सुरंगीच्या बहरासाठी केलेला प्रवास

मार्च-एप्रिलमध्ये साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, पाहण्यासाठी जपानला जाऊन आलेले एखादे तरी कुटुंब आता प्रत्येकाच्या ओळखीत असते. तिथे बहर दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत जातो, त्याचे अंदाज आधीच प्रसिद्ध होतात आणि प्रवासी त्या अंदाजांनुसार शहरे व तारखा ठरवतात. फुलाचे वेळापत्रक पाहून आपले वेळापत्रक आखण्याची ही रीत मला फार आवडते, आणि तिच्यासाठी परदेशी जाण्याची गरज नाही, असे या फाल्गुनात वेंगुर्ल्याला राहून आल्यावर मी खात्रीने सांगू शकते. त्याच आठवड्यांत सिंधुदुर्गाच्या दक्षिण किनाऱ्यावर सुरंगी हे सुगंधी फुलांचे झाड फुललेले असते. वेंगुर्ले शहरात मुक्काम ठेवून हा बहर निवांत पाहता येतो.

सुरंगीचा हंगाम साधारणपणे फेब्रुवारीच्या उत्तरार्धापासून एप्रिलपर्यंत चालतो आणि मार्चमध्ये तो भरात असतो. सगळी झाडे एकाच दिवशी फुलत नाहीत. त्यामुळे निघण्यापूर्वी ज्या घरी किंवा लॉजमध्ये उतरायचे असेल, तिथे दूरध्वनी करून "सुरंगीची काढणी सुरू झाली का" असे विचारावे. बाजारात वळेसर, म्हणजे सुरंगीचे गजरे, येऊ लागले आहेत असे उत्तर मिळाले की तारीख पक्की करावी. रेल्वेचे आरक्षण मात्र इतके थांबत नाही. ते ६० दिवस आधी उघडते, आणि याच काळात शिमगा येत असल्यामुळे मुंबईहून गावी येणाऱ्या चाकरमान्यांच्या गर्दीने गाड्या भरून जातात. होळीच्या आगेमागेचे दिवस टाळून आरक्षण करावे, हा त्यातला व्यवहार्य मार्ग. शिमगाच पाहायचा असेल तर गोष्ट वेगळी, परंतु मग राहण्याची सोयही फार आधी करावी लागते.

आम्ही रात्रीच्या कोकणकन्या एक्सप्रेसने निघून सकाळी कुडाळला उतरलो. कुडाळहून वेंगुर्ले सुमारे २५ किलोमीटर आहे. एसटी मिळते आणि स्थानकाबाहेर रिक्षाही उभ्या असतात. या रस्त्यावर खिडकीशी बसावे, कारण शेतांच्या आणि बागांच्या कुंपणांना लावलेला गिरिपुष्प याच सुमारास फुलतो. पाने गळून गेलेल्या लांब, काटकुळ्या फांद्या फिकट गुलाबी-जांभळ्या फुलांनी टोकापर्यंत भरून जातात, आणि चेरीच्या बहराची छायाचित्रे पाहिलेल्या कोणालाही त्यांचीच आठवण व्हावी असे ते दृश्य असते. मूळचे मध्य अमेरिकेतले हे झाड आपल्याकडे हिरवळीच्या खतासाठी लावले गेले. त्याचा पाला भातशेतीत गाडतात. कुंपणाचे झाड म्हणून त्याच्याकडे कोणी थांबून पाहत नाही, याचे मला वाईट वाटले. छायाचित्र घ्यायचे असेल तर ते सकाळच्या तिरप्या उन्हात घ्यावे, कारण दुपारच्या प्रखर प्रकाशात फुलांचा रंग पार फिका दिसतो.

सुरंगीचे मात्र सगळेच निराळे आहे. चेरी लांबून दिसते. सुरंगी लांबून मुळीच दिसत नाही. हे सदाहरित, गर्द आणि जाड पानांचे झाड उंडी व नागचाफा यांच्या कुळातले असून फक्त पश्चिम घाट आणि त्यालगतच्या पट्ट्यातच नैसर्गिकरीत्या वाढते. त्याची फुले फांदीच्या टोकाला न येता पानांच्या मागे, जुन्या लाकडावर, सालीला चिकटून झुबक्यांनी येतात. म्हणून वाटेने जाताना आधी गंध येतो, मग मधमाश्यांचा आवाज ऐकू येतो, आणि झाडाखाली जाऊन वर मान केल्यावरच फुले दिसतात. एका खालच्या फांदीवर मी बराच वेळ पाहत होते. कळी वाटाण्यापेक्षा लहान, गोल आणि घट्ट असते. तिचे आवरण दोन भागांत उकलते, आत चार पांढऱ्या पाकळ्या असतात आणि मधोमध पिवळ्या पुंकेसरांचा दाट गुच्छ असतो. एका फांदीवर बोट ठेवायलाही मोकळी साल उरू नये इतक्या दाटीने ती फुले येतात.

यासाठी जायचे ते आसोलीला. वेंगुर्ल्याहून शिरोड्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या बाजूचे हे गाव सुरंगीसाठी प्रसिद्ध आहे. इथे वेळेचे महत्त्व सर्वांत अधिक आहे. काढणी पहाटे, कळ्या उमलण्यापूर्वी होते. माणसे शिडीने किंवा फांद्यांच्या आधाराने झाडावर चढतात, टोपल्या भरतात आणि ऊन तापण्याआधी खाली उतरतात. गजऱ्यासाठी आणि वाळवून विकण्यासाठीही कळीच हवी असते. उमललेल्या फुलाच्या पाकळ्या लगेच गळू लागतात. अंगणात कळ्या निवडत बसलेल्या एका आजींनी मला हे एका वाक्यात सांगितले: "बाय, ऊन वर इला की कळ्यो फुलतत, मगे वळेसर होवचो नाय." वाळलेल्या कळ्या व्यापारी घेऊन जातात आणि त्या सुगंधी द्रव्यांसाठी वापरल्या जातात. या आठवड्यांची कमाई अनेक घरांसाठी मोलाची असल्यामुळे कोणालाही कामातून थांबवून छायाचित्रासाठी उभे करू नये.

उजाडताना आसोलीत असायचे तर पहिल्या एसटीवर विसंबू नये. आदल्या संध्याकाळी रिक्षा ठरवून ठेवावी आणि परतीचेही बोलून घ्यावे. झाडे लोकांच्या खासगी जागेत आहेत, तेव्हा आधी घरी विचारावे. आम्हाला कोणी नाही म्हटले नाही, उलट कुठल्या झाडाखाली उभे राहिले म्हणजे फांदी जवळून दिसेल हेही दाखवले. फांदी हलवू नये, कळी तोडू नये, आणि मधमाश्या असल्यामुळे उग्र अत्तर लावून जाऊ नये. कॅमेऱ्याला झाडाखाली उजेड कमी पडतो. शक्य असेल त्यांनी दोन सकाळी राखून ठेवाव्यात: एक काढणीसाठी आणि दुसरी किंचित उशिराची, फुले उमललेली असताना खाली पांढऱ्या पाकळ्यांचा थर साचतो तो पाहण्यासाठी. माझ्या मते दुसरी सकाळ अधिक सुंदर असते, पण पहिलीशिवाय तिचा अर्थ पुरता लागत नाही.

नऊ-दहानंतर उन्हाचा आणि दमटपणाचा त्रास होऊ लागतो. आसोलीहून पुढे आरवलीला वेतोबाचे मंदिर आहे, जिथे देवाला केळी आणि चामड्याच्या मोठ्या चपला अर्पण करतात. त्यापलीकडे १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहासाठी ओळखले जाणारे शिरोडे. दुपारी शहरात परतून जेवावे. याच दिवसांत ओल्या काजूगरांची उसळ मिळते आणि ती चुकवू नये. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काजूच्या 'वेंगुर्ला-४', 'वेंगुर्ला-७' यांसारख्या जाती दिल्या आहेत. बागायतीत रस असणाऱ्यांनी कार्यालयात परवानगी विचारून तिथे जावे. काजूच्या काही झाडांवर फळांबरोबर उशिराचा मोहोरही दिसतो. डचांची सतराव्या शतकातील वखार मोडकळीस आलेली असली तरी पाहण्यासारखी आहे, आणि ऊन उतरल्यावर बंदरावर जाता येते.

गोव्याच्या सहलीत एक दिवस काढून हे सारे उरकण्याचा सल्ला मी देणार नाही, कारण गोव्याहून निघून पोहोचेपर्यंत काढणी संपलेली असते. मुक्काम वेंगुर्ल्यातच करावा.

वळेसर सकाळी लवकर घ्यावेत. बाजारात येणारे थोडेच असतात आणि ते लवकर संपतात. सुट्टे पैसे जवळ ठेवावेत आणि भाव करू नये, कारण त्यामागे झाडावर चढण्याची जोखीम आणि पहाटेपासूनची ओवणी आहे. घरी न्यायचे असतील तर प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नयेत, त्यात ते घामेजून काळे पडतात. केळीच्या पानात किंवा सुती रुमालात सैल गुंडाळून हातातल्या पिशवीत वर ठेवावेत. घरी आल्यावर सावलीत वाळवून कपड्यांच्या कपाटात ठेवले, तर फूल सुकल्यावरही गंध बरेच दिवस टिकतो.