मका, घेवडा, भोपळा आणि माझी घाई

अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूसजवळच्या आमच्या घरामागे मी दोन वर्षांपूर्वी मका, वेलघेवडा आणि भोपळा यांचे बी एकाच दिवशी, एकाच आळ्यात टोकले. मक्याला धड चार पाने फुटण्याआधीच घेवड्याने त्याला विळखा घातला आणि जुलैत निम्मी ताटे आडवी झाली. ज्या होडेनोशोनी (इरोक्वा) या मूळनिवासी लोकांच्या भूमीवर मी राहते, ते या पिकांना तीन बहिणी म्हणतात. त्यांच्या पद्धतीचे मी फक्त नाव उचलले होते, क्रम नव्हे.

गेल्या वर्षी मात्र मेच्या अखेरीस, रात्री दव गोठण्याची भीती सरल्यावर, साधारण फूटभर उंचीचे मातीचे उंचवटे चार-चार फुटांवर केले आणि प्रत्येकावर आधी केवळ मका लावला. मक्याचे परागण वाऱ्याने होते आणि कणसाच्या प्रत्येक केसामागे एक दाणा भरतो, म्हणून एका लांब ओळीऐवजी उंचवट्यांचा चौकोन करावा लागतो. नाहीतर बोळकी कणसे हाती येतात. रोपे चार ते सहा इंचांची झाल्यावर, नांग्या भरून (न उगवलेल्या जागी पुन्हा बी टोकून), त्यांच्याभोवती घेवडा टोकला आणि त्यानंतर आठवड्याने कडेला भोपळा. घेवडा वेलाचाच हवा, कारण झुडपी जातीला मक्याच्या आधाराची गरजच नसते. भोपळ्याच्या रुंद पानांनी जमीन झाकली, तण दबले आणि ओल टिकली. कणसे पळवणारे रॅकून नावाचे इथले रानटी प्राणी भोपळ्याच्या काटेरी लवेला बिचकतात असे म्हणतात, पण आमच्याकडच्यांनी ते ऐकलेले दिसत नाही.

घेवडा मक्याला नत्र पुरवतो, हे विधान मला थोडे सैल वाटते. त्याच्या मुळांवरच्या गाठींतील जिवाणू हवेतील नत्र बांधून घेतात हे खरे, पण त्यातला बराचसा वाटा त्या हंगामात घेवड्याच्याच अंगी लागतो. मुळे आणि पाला मातीत कुजल्यावर तो पुढच्या पिकाला मिळतो. त्यामुळे हंगाम संपल्यावर मी वेल उपटत नाही, जमिनीलगत कापते. आमच्या गावी ज्वारीत तुरीचे तास घालत, तेव्हा तुरीचा गळलेला पाला शेतातच राहू देत, त्यामागचा हिशेब मला इथे येऊन कळला.

या तीन पिकांवर होडेनोशोनींचे जगणे किती अवलंबून होते, हे त्यांच्या शत्रूने नेमके ओळखले होते: अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धात, 1779 मध्ये, जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या आदेशावरून जनरल सलिव्हन यांच्या सैन्याने 40 हून अधिक गावे जाळली आणि उभा मका, साठवलेले धान्य यांचीही नासाडी केली. ते बियाणे तरीही पुढच्या पिढ्यांपर्यंत पोहोचले, आणि आज त्यांचा पांढरा मका पुन्हा पिकवला जातो.

हा मका कोवळा खुडायचा नसून ताटावरच वाळू द्यायचा असतो, आणि या पद्धतीला तोच सोयीचा. गोड मक्यासाठी ऐन ऑगस्टमध्ये भोपळ्याचे वेल तुडवत आत शिरावे लागते. सालींची वेणी घालून मी कणसे गॅरेजमध्ये टांगली आहेत. दाणे राखेच्या पाण्यात उकळले की वरचे टरफल सुटते आणि मक्यातले नायसिन (एक ब जीवनसत्त्व) शरीराला मिळू शकते. आमच्याकडे विजेची शेगडी असल्याने, लाकूड जाळणाऱ्या शेजारीणबाईंकडे डबाभर राख मागून ठेवली आहे.