बी.एस्सी. जिऑलॉजी: प्रवेशाच्या फॉर्मपासून एम.एस्सी.पर्यंत माझा अनुभव

मी पुण्यात बी.एस्सी.ला आले ते २०१४ साल. तेव्हा भूशास्त्राला म्हणून वेगळा प्रवेश मिळत नव्हता. प्रवेश व्हायचा बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आणि फॉर्मवर चार विषयांचा एक गट निवडायचा. माहितीपत्रकात त्या गटांचा तक्ता होता. भूशास्त्र असलेले गट मोजकेच, तेही तक्त्याच्या तळाशी. त्यांतला एखादा गट पहिल्या पसंतीला टाकला नाही, तर पुढे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला हा विषय घेताच येणार नाही, ही गोष्ट कुणी आपण होऊन सांगत नाही. मला ती मेरिट लिस्टच्या रांगेत पुढे उभ्या असलेल्या एका मुलीच्या वडिलांनी सांगितली. त्यांच्या मुलीला सूक्ष्मजीवशास्त्र हवं होतं, पण गृहस्थांनी अख्खं माहितीपत्रक तोंडपाठ केलं होतं.

मी पाटण तालुक्यातली. आमच्याकडे भूकंप हा पाऊसपाण्यासारखाच बोलण्यातला विषय. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनानगर कसं हाललं, हे आजीकडून इतक्यांदा ऐकलंय की मी स्वतः पाहिल्यासारखं सांगू शकते. अधूनमधून भांड्यांची फळी किणकिणली की घरातलं कुणीतरी म्हणायचं, "आला वाटतं." धरणात पाणी साठल्यावर हे वाढलं, असं सगळेच म्हणत. पण पाण्याचा आणि भूकंपाचा संबंध नेमका काय, हे शाळेत विचारलं तर उत्तर मिळायचं नाही. मला ते उत्तर हवं होतं, एवढंच. मामाला कळल्यावर तो म्हणाला, "दगडं फोडायला शिकायचंय तर पुण्याला कशाला जातीस, आपल्या क्रशरवर ये की." अण्णांना मात्र विषयाची नाही, नोकरीची काळजी होती. ती रास्तच होती, त्याबद्दल पुढे लिहिते.

बारावीला माझ्याकडे फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायो चारही होते. आता मागे पाहते तर सगळ्यात उपयोगी निर्णय तोच ठरला. भूशास्त्राची पदवी करायच्या वाटा अनेक आहेत आणि कुठली वाट खुली राहते, हे बऱ्याच अंशी अकरावीच्या गणितावर ठरतं. आयआयटी खरगपूर, रुरकी किंवा धनबादला बारावीनंतर थेट भूशास्त्राकडे नेणारे अभ्यासक्रम आहेत. तिथे जेईई अॅडव्हान्स्डमधूनच जावं लागतं, म्हणजे गणित आलंच. पुण्याच्या आयसरमध्ये भूविज्ञान आणि हवामानविज्ञान एका विभागात शिकता येतं. त्यांची स्वतंत्र प्रवेश परीक्षा असते, तीत चारही विषयांचे प्रश्न सारखेच असतात. दिल्ली विद्यापीठाच्या काही कॉलेजांतही जिऑलॉजी ऑनर्स आहे, तिथे आता सीयूईटी ही सामाईक प्रवेश परीक्षा लागते. साध्या बी.एस्सी.ला मात्र बहुतेक ठिकाणी बारावी सायन्स पास असणं पुरतं, गणित असो वा जीवशास्त्र. तरी त्या-त्या कॉलेजचे नियम वाचूनच फॉर्म भरावा. बारावीच्या बोर्डाच्या विषयांतही भूशास्त्र आहे, पण आमच्या तालुक्यात ते शिकवणारं कॉलेज नव्हतं आणि ते नसल्यामुळे पुढे माझं काही अडलंही नाही.

जेईई मेन दिली, अॅडव्हान्स्डपर्यंत पोचले नाही. त्याच जेईई मेनच्या आणि बारावीच्या गुणांवर एका खासगी कॉलेजात सिव्हिल इंजिनिअरिंग मिळत होतं. फी ऐकून अण्णा गप्प झाले आणि माझा मार्ग मोकळा झाला. महाराष्ट्रात पदवीला भूशास्त्र असलेली कॉलेजं फार नाहीत. पुण्यात फर्ग्युसन, मुंबईत सेंट झेवियर्स, अमरावतीत शासकीय विदर्भ ज्ञान-विज्ञान संस्था ही जुनी नावं. गोव्यात मडगावचं चौगुले आणि पणजीचं धेंपे. माझ्या मते नावापेक्षा दोन गोष्टी विचाराव्यात. प्रयोगशाळेत विद्यार्थी स्वतः थिन सेक्शन बनवतात का, आणि फिल्डला कुठे नेतात.

थिन सेक्शन म्हणजे दगडाची काच करणं, प्रकाश आरपार जाईल इतका पातळ काप. दगडाचा चिप्पा कापायचा, एक बाजू कार्बोरंडमच्या भुकटीवर घासून गुळगुळीत करायची, ती काचेच्या पट्टीवर चिकटवायची आणि मग दुसरी बाजू घासत बसायचं, जाडी ०.०३ मिलिमीटर होईपर्यंत. ही जाडी मोजपट्टीने मोजत नाहीत. मधूनमधून मायक्रोस्कोपखाली ठेवून प्लॅजिओक्लेज या खनिजाचे रंग बघायचे. पिवळट दिसले तर अजून जाड आहे. राखाडी-पांढरे झाले की थांबायचं. त्या शेवटच्या टप्प्यावर चार फेऱ्या जास्त मारल्या तर अर्धा दगड भुकटीबरोबर वाहून जातो. आमच्या मॅडम शेजारी उभ्या राहून काहीच बोलायच्या नाहीत, फक्त घासण्याचा आवाज ऐकायच्या. "बास," म्हणाल्या की बास. ज्या कॉलेजात कपाटातल्या जुन्या स्लाइडच फिरवून दाखवतात, तिथल्या मुलांना खनिजं ओळखता येतात, पण ओळख चुकते तेव्हा ती स्लाइडच्या जाडीमुळे चुकली की आपल्यामुळे, हे कळत नाही.

पहिलं वर्ष तसं कंटाळवाणं होतं. लाकडी स्फटिकांची मॉडेलं हातात फिरवत सममितीचे अक्ष मोजायचे, मोह्सच्या कठिणतेचा क्रम (कुठलं खनिज कशापेक्षा कठीण) पाठ करायचा, बाकी वेळ फिजिक्स-केमिस्ट्रीच्या जर्नलमध्ये जायचा. दुसऱ्या वर्षी दगड, जीवाश्म, नकाशे आले आणि तिसऱ्या वर्षी भूशास्त्राशिवाय जवळपास दुसरं काही नव्हतं. गणित किती लागतं, असं मला बरेच जण विचारतात. रोजच्या अभ्यासाला त्रिकोणमिती आणि आलेख यांवर भागतं. मात्र भूभौतिकीकडे वळायचं असेल किंवा पुढे आयआयटीत एम.एस्सी. करायची असेल, तर पदवीला सोबतचे विषय कोणते होते हेही काही ठिकाणी पाहतात. रसायनशास्त्राला मात्र पर्याय नाही. सिलिकेटची रचना कळली नाही तर अर्धं खनिजशास्त्र पाठांतर होऊन बसतं.

फिल्डबद्दल पुण्याच्या मुलांची एक अडचण आहे, ती बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. आपण दख्खनच्या बेसॉल्टवर राहतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे लाव्हाचे थर, आणि ते जवळपास आडवे. सिंहगडावर किंवा वरंधा घाटात नेलं तर झिओलाइटची खनिजं, दोन थरांमधला लाल मातीचा बोल, थरांना छेदून गेलेली डाइकची भिंत, सगळं छान दिसतं. पण पुस्तकात निम्मा वेळ ज्या वळ्या, तिरके थर, चुनखडी, समुद्री जीवाश्म शिकवतात, त्यांतलं यात काही नाही. त्यासाठी महाराष्ट्राच्या कडेला किंवा बाहेर जावंच लागतं. विदर्भात चंद्रपूरचा कोळसा आणि मनसरचं मॅंगनीज आहे, तळकोकणात जांभा आणि कणकवलीकडचं क्रोमाइट. आम्हाला दुसऱ्या वर्षी बागलकोट-बदामीला नेलं.

तिथे पहिल्यांदा खरा डिप-स्ट्राइक घेतला, म्हणजे थर कुठल्या दिशेला किती कलला आहे ते मोजलं. खालचे बागलकोट गटाचे थर कलंडलेले, वळलेले, आणि त्यांच्यावर बदामीचा वालुकाश्म जवळपास आडवा. कागदावर अनेकदा काढलेली विसंगती (अनकन्फॉर्मिटी, म्हणजे जुन्या आणि नव्या थरांमधला खंड) समोर उभी होती. थरावर क्लिनोमीटरची कड टेकवायची, बुडबुडा मध्ये आला की ती रेघ स्ट्राइक, तिच्या काटकोनात सगळ्यात जास्त उतार तो डिप. वाचायला सोपं आहे. एकाच थरावर आमच्या गटातल्या प्रत्येकाचं उत्तर वेगळं. एका मुलाचं तर सगळ्यांपेक्षा फारच लांब. सर आले, त्याच्या कमरेकडे बघितलं आणि म्हणाले, "हातोडा आधी लांब ठेव." लोखंडामुळे सुई फिरत होती. मग त्यांनी एकाच थरावर वेगवेगळ्या ठिकाणी मापं घ्यायला लावली आणि संध्याकाळी धर्मशाळेच्या ओट्यावर बसून ती टोपोशीटवर, म्हणजे त्या भागाच्या उंचसखल नकाशावर, मांडायला लावली. ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी खाऊन सगळे पेंगत होते, पण नकाशा पूर्ण झाल्याशिवाय झोप नाही.

या सहलींचा खर्च मुलांनाच करावा लागतो. प्रवेश घेताना फीबरोबर हा आकडाही विचारून ठेवा, कारण ऐन वेळी तो जड जातो आणि सहलीला न गेल्यास प्रात्यक्षिकाचे गुण जातात. मुलींच्या आयांचा प्रश्न वेगळा असतो. दिवसभर माळावर स्वच्छतागृह कुठे? माझ्या आईने तो सरांनाच फोनवर विचारला. मी लाजेने अर्धी झाले, पण त्यानंतर दर सहलीला गाडी दुपारी एखाद्या गावातल्या शाळेपाशी थांबायला लागली. आईचे उपकार आमच्या बॅचच्या सगळ्या मुली मानतात.

तिसऱ्या वर्षात असताना कोयनेत गोठणे गावाजवळ तीन किलोमीटर खोल बोअर घेण्याचं काम चालू होतं. वर्गात त्याची चर्चा निघाली तेव्हा कळलं की सुमारे सव्वा किलोमीटर बेसॉल्ट संपला की खाली थेट ग्रॅनाइटी खडक लागतो. आमच्या घराखाली काय आहे, हे मला असं पुण्यात बसून कळलं. पाण्याचा आणि भूकंपाचा संबंधही तोवर समजू लागला होता. पाण्याचा दाब भेगांतून खोलवर पोचतो आणि आधीच ताणलेल्या प्रस्तरभंगाची (खडक जिथे सरकतात त्या भेगेची) पकड सैल करतो. आजीला हे सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे मी म्हणत होते तेच की."

आता अण्णांच्या काळजीबद्दल. बी.एस्सी. जिऑलॉजी ही अर्धी पदवी आहे असं समजूनच या विषयात यावं. नुसत्या बी.एस्सी.वर ड्रिलिंगच्या साइटवर गाभ्याचे नमुने नोंदवण्याची किंवा तेलविहिरीवर मड लॉगिंगची (चिखलाबरोबर वर येणारा खडकाचा चुरा तपासून नोंदवण्याची) कामं मिळतात, पण ती बहुधा कंत्राटी. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि केंद्रीय भूजल मंडळासाठी यूपीएससीची संयुक्त भूवैज्ञानिक परीक्षा असते, तिला पदव्युत्तर पदवीच लागते. शेवटच्या वर्षाला असलेले फॉर्म भरू शकतात. सर्वसाधारण वयोमर्यादा २१ ते ३२. पूर्व परीक्षा ४०० गुणांची, मुख्य ६०० आणि मुलाखत २००. राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा, तसंच नागपूरचं भूविज्ञान व खनिकर्म संचालनालय यांतही भूवैज्ञानिकांची पदं असतात. त्यांच्या जाहिराती कधी येतील याचा मात्र नेम नाही.

एम.एस्सी.साठी मी जॅम, म्हणजे आयआयटी वगैरेंच्या एम.एस्सी.ची सामाईक प्रवेश परीक्षा, दिली. फेब्रुवारीत परीक्षा, तीन तास, ६० प्रश्न, १०० गुण. त्यात काही प्रश्नांना पर्यायच नसतात, आकडा काढून लिहायचा. बी.एस्सी.च्या लांबलचक उत्तरांची सवय झालेल्यांना तेच जड जातं. माझ्या रँकवर राज्याबाहेरच्या एका संस्थेत प्रतीक्षा यादीतून जागा आली, पण त्यांना शेवटच्या सेमिस्टरची छापील गुणपत्रिका ठरलेल्या तारखेला हवी होती. माझ्याकडे निकालाची ऑनलाइन प्रत होती, प्राचार्यांचं पत्र होतं. दोन्ही चाललं नाही आणि जागा गेली. तोवर पुणे विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेतून माझा नंबर लागला होता, म्हणून वर्ष वाचलं. म्हणूनच सांगते, एकाच ठिकाणी फॉर्म भरून थांबू नका. गुणपत्रिका, मायग्रेशन सर्टिफिकेट आणि जातवैधता यांच्या मागे निकालाची वाट न पाहता एप्रिलपासूनच लागा.

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षात आणखी एक बदल झाला. तोपर्यंत भूमिगत खाणीच्या कामाची चौकशी केली की मुलींना सरळ "तुम्ही अर्ज करू नका" असं सांगत, कारण कायद्यानेच बंदी होती. जानेवारी २०१९मध्ये केंद्राने तांत्रिक आणि देखरेखीच्या कामांसाठी स्त्रियांना सकाळी ६ ते संध्याकाळी ७ या वेळात भूमिगत खाणीत जायला परवानगी दिली. माझी एक वर्गमैत्रीण आज कोळशाच्या खाणीत आहे. मी भूजलाकडे वळले. विहिरींची पाहणी, पुनर्भरणाच्या जागा, गावाचा पाण्याचा ताळेबंद. गावात गेलं की पाणाडी नारळ घेऊन आधीच हजर असतो. आमची जागा त्याच्या जागेशी जुळली तर श्रेय त्याला, नाही जुळली तर वाद आमच्याशी.

या वर्षी माझ्या मावसभावाला यात यायचंय, तेव्हा सगळं पुन्हा वाचून काढलं. नव्या शैक्षणिक धोरणामुळे चार विषयांचे गट गेले, मेजर आणि मायनर आले. तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं, चौथं वर्ष केलं तर ऑनर्स, आणि त्यानंतर एम.एस्सी. एका वर्षात. मेजर कुठल्या सेमिस्टरला पक्कं होतं आणि त्याच्या जागा किती, हे मात्र कॉलेजागणिक वेगळं आहे, म्हणून ऑफिसात जाऊनच विचारायला लावलं. ऑनर्स झालं म्हणजे भूवैज्ञानिकाच्या परीक्षेला बसता येईल, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. तसं नाही, तिथे मास्टर्सच मागतात. मायनर म्हणून त्याने रसायनशास्त्र घ्यावं असं माझं मत, त्याला कॉम्प्युटर हवाय. जीआयएसला, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या नकाशाकामाला, दोन्ही चालतं, म्हणून मी फार ताणलं नाही.

सामानाचं त्याने विचारलं, ते इतरांच्याही उपयोगी पडेल. हातोडा आणि कंपास कॉलेज देतं, पहिल्या वर्षी विकत घेऊ नका. दहापट मोठं दाखवणारं भिंग मात्र स्वतःचं घ्या, दोरी लावून गळ्यात अडकवा. बूट घोट्याच्या वर येणारे घ्या, आणि सहलीच्या आधी दोन आठवडे घालून फिरा.