सोलरची कॉइल आणि अडलेला एक रकाना

सोसायटीच्या गच्चीवरील ५०० लिटरच्या सोलरला ढगाळ दिवसांसाठी विजेची कॉइल बसवायचे ठरले आणि सचिव या नात्याने ते काम माझ्याकडे आले. ठराव, कोटेशन, सह्या हे सारे आठवड्यात उरकले. अडले ते विजेच्या अंदाजातील ‘रोज लागणारी वीज (युनिट)’ या एका रकान्यापाशी, आणि त्यात पुढचे पाच आठवडे गेले.

पुरवठादाराच्या कार्यालयातून तो रकाना दर वेळी ‘२०’ असा भरून येई. विचारले की उत्तर ठरलेले: “टाकीतले पाणी २५ अंशांचे धरायचे, साहेब. सगळीकडे तसेच धरतात.” डिसेंबरात नाशिकच्या गच्चीवर पहाटे पाणी २५ अंशांचे कसे असेल, हे तीन फेऱ्या मारूनही मला त्यांच्या गळी उतरवता आले नाही, आणि ज्या आकड्यावर सभासद वर्गणी देणार त्याखाली सही करायला माझे मन धजेना. शेवटी सकाळी सहाला गच्चीवर जाऊन सोलरला थंड पाणी पुरवणाऱ्या टाकीतले बादलीभर पाणी काढले आणि थर्मामीटर दोन मिनिटे बुडवून धरला. पारा १५ वर थांबला. सलग चार दिवस हीच नोंद आली. (हे माप दुपारी घेऊ नये, उन्हाने टाकी तापलेली असते.)

हिशेब अवघड नाही. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी लागते, आणि एक युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी. म्हणून लिटरला अंशांच्या वाढीने गुणावे आणि ८६० ने भागावे. १५ वरून ६० अंशांवर न्यायला २६ युनिट लागतात. २५ धरले तरच २० येतात. “पहाटे चारला कॉइल लावा, सहाला गरम पाणी” असेही तिथे मला ठामपणे सांगितले होते. तीन किलोवॅटची कॉइल दोन तासांत सहाच युनिट देते; त्यात एवढे पाणी जेमतेम दहा अंशांनी चढते.

सोलरच्या टाकीतून उष्णता झिरपते, हे सांगायचे राहिले. रात्री दहाला ६० अंश असलेले पाणी पहाटे सहाला ५६ भरले, म्हणजे दोन युनिटांहून थोडे अधिक गेले. ते धरून मी २८ लिहिले आणि नोंदींचा कागद जोडला, तेव्हा कुठे तो अंदाज बदलून मिळाला. आता ढगाळ दिवशी आमची कॉइल रात्री साडेआठला सुरू होते.