पानवलच्या पुलाखाली, रो-रोची वाट बघत

वंदे भारत पुलावरून गेली तेव्हा मी डबा खात होतो. कॅमेरा पिशवीतून काढलासुद्धा नाही. ती ठरल्या वेळी येते, ठरल्या वेळी जाते. तिच्यासाठी रानात घाम गाळत कोण बसेल?

रत्नागिरी सोडून निवसरकडे निघालं की लागणारा हा पूल. 64 मीटर उंच, 424 मीटर लांब. खालून बघताना मान दुखते. पूर्वी इथे डोळ्यांआधी कान कामाला लागायचे. डोंगराआड अल्को या जुन्या डिझेल इंजिनाची धापधाप सुरू झाली की इंजिन कुठल्या जातीचं ते कळायचं. 2022 मध्ये कोकण रेल्वेच्या मार्गाचं विद्युतीकरण पूर्ण झालं आणि ती मजा बरीचशी गेली. विजेचं इंजिन अंगावर येईपर्यंत ऐकू येत नाही.

आम्हा रेल्वेवेड्यांचा हिशेबच वेगळा. कुठल्या गाडीला कुठल्या शेडचं, म्हणजे इंजिनांच्या आगाराचं, इंजिन लागणार, ते ठरलेलं असतं, ती 'लिंक'. ते सोडून भलतंच इंजिन लागलं की गाडी 'ऑफलिंक', आणि मग पुढच्या स्टेशनांवरच्या मित्रांना धडाधड फोन. रोजची मांडवी एक्सप्रेस अशी एखाद्या दिवशी सोन्याची होते. आतल्या प्रवाशांना पत्ताही नसतो.

मी आलो होतो रो-रोसाठी. 1999 पासून कोकण रेल्वे भरलेले ट्रक उघड्या वाघिणींवर चढवून नेते. ही मालगाडी, त्यामुळे आपल्याला बघायला वेळापत्रक नाही. त्यात मार्ग बराचसा एकेरी. समोरून एक्सप्रेस आली की रो-रो कुठल्यातरी स्टेशनच्या लूपला, म्हणजे बाजूच्या रुळावर, उभी. किती वेळ, ते तिकडच्या स्टेशन मास्तरला माहीत!

गुरं घेऊन आलेले एक काका शेजारी टेकले. "गाडीच हाय ना ती? मग रत्नांग्रीत फलाटावर बघायची."

त्यांना काय सांगणार, तोवर आवाज आला. डिझेल! तारेखालून, एकामागे एक जोडलेली दोन डिझेल इंजिनं, आणि मागे आभाळातून चाललेली ट्रकची रांग. कुणाची ताडपत्री फडफडतेय, कुणाच्या केबिनमधून हात बाहेर लोंबतोय. मी सटासट फोटो काढत सुटलो.

काकाही उभे राहून बघत होते. "ट्रक गाडीत बसला, मग डायवर काय करतो?"

"झोपतो."

"पगार मिळतो?"

"मिळत असणार."

"बरी हाय की नोकरी," म्हणाले, आणि गुरांमागे गेले.